खवळलेल्या पाण्यातून नाव नेताना : राफ्ट आणि कयाकसाठी काही सूचना

पंचगंगा घाटावर पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या माणसाला पाण्याची भीती सहसा वाटत नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहलेले वीरधवल खाडे आमच्याच कोल्हापूरचे, आणि ज्यांनी आयुष्यात कधी स्पर्धेचे पाणी पाहिले नाही अशा असंख्य जणांनीही विहिरीत, रंकाळ्यात किंवा नदीच्या डोहात हात मारायला शिकून घेतलेले आहे. या सवयीचा मला मनापासून अभिमान वाटतो. तरीही राफ्ट (हवा भरलेली, अनेकांनी मिळून वल्हवायची नाव) किंवा कयाक (एकट्याने वल्हवायची निमुळती नाव) घेऊन खडकाळ उतारावरच्या फेसाळ पाण्यात उतरताना डोहातल्या पोहण्याचा आत्मविश्वास काठावरच ठेवावा लागतो, हे मला उशिरा कळले. डोहाचे पाणी घट्ट असते, हाताला आधार देते. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते. त्यात शरीर कमी तरंगते, वल्हे रिकामे फिरते आणि ताकदवान हातांनाही पकड मिळत नाही.

कोल्हापुरातून या खेळासाठी बाहेर पडणारी मंडळी साधारणपणे तीन ठिकाणी जातात: रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिकेवर, कर्नाटकात दांडेलीजवळ गणेशगुडीला काळी नदीवर, आणि हौस वाढली की ऋषिकेशला गंगेवर. व्यावसायिक राफ्टमध्ये गाइड सोबत असतो आणि निर्णय तोच घेतो. पण गाइड काय पाहतो, अमुक क्षणी तमुक आज्ञा का देतो, हे कळलेला माणूस राफ्टमध्ये अधिक उपयोगी पडतो. ज्यांनी कयाक शिकायला सुरुवात केली आहे त्यांना तर हे कळण्यावाचून पर्यायच नाही. हे टिपण दोघांसाठी आहे. प्रशिक्षकाच्या नजरेखाली घालवलेल्या दिवसांची जागा ते घेऊ शकत नाही, हे वाचणाऱ्याने धरून चालावे.

श्रेणी आणि विसर्ग

नदीतल्या अशा खळाळत्या टप्प्याला भूगोलाच्या पुस्तकात द्रुतवाह म्हणतात, आणि नदीवर सगळेच ‘रॅपिड’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार रॅपिडच्या १ ते ६ अशा श्रेणी आहेत. पहिल्या दोन श्रेणींत लहान लाटा असतात आणि वाट सरळ दिसते. तिसरीत लाटा वेड्यावाकड्या असतात, खडक चुकवावे लागतात, नाव वेळेवर वळवावी लागते. चौथीत पाणी जोरकस असते आणि काठावर उतरून पाहणी केल्याशिवाय जाऊ नये असा दंडक आहे. पाचवी निष्णातांची आहे आणि सहावीत चूक झाल्यास जीव वाचण्याची आशा धरता येत नाही. कुंडलिकेवरचे बहुतेक रॅपिड दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीतले आहेत; गंगेवरचा ‘द वॉल’ चौथ्या श्रेणीत धरला जातो. या लेखात ‘अवघड’ म्हणताना मला तिसरी आणि चौथी श्रेणी अभिप्रेत आहे.

श्रेणी मात्र दगडावर कोरलेली नसते. पाणी वाढले की काही रॅपिड बुडून सपाट होतात आणि काही भयंकर होतात, म्हणून आजचा विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारे पाणी, किती, हा प्रश्न श्रेणीच्या आधी विचारावा. कोल्हापूरकरांना हा हिशेब नवा नाही. पावसाळ्यात राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आले, हे आपण सकाळच्या चहाबरोबर वाचतो. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे शाळकरी मुलांनाही पाठ असते. राधानगरीच्या एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, म्हणजे एका दरवाजातून दर सेकंदाला सुमारे ४० टन पाणी बाहेर पडते. त्यात आणखी एक गोष्ट मिळवावी: प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अडकलेल्या नावेवरचा किंवा माणसावरचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. नदीशी ताकदीने भांडण्यात अर्थ का नसतो, याचे उत्तर एवढ्या आकड्यांत आहे.

कुंडलिकेवरचे पाणीही सोडलेलेच असते. मुळशीचे पाणी सह्याद्री उतरून भिरा येथील वीजकेंद्रात येते आणि पुढे कुंडलिकेत जाते, त्यामुळे तिथले राफ्टिंग वीजनिर्मितीनंतर सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते. अशा नदीवर पाणी केव्हा सुटणार आणि केव्हा ओसरणार हे विचारल्याशिवाय पात्रात पाऊल टाकू नये. चढत्या पाण्याची खूण सोपी आहे: रंग गढूळ होतो, काटक्या-पाने-फेस वाहून येऊ लागतात, काठावर ठेवलेला दगड भिजतो. यातले काहीही दिसले तर त्या दिवसाची नाव बाहेर काढावी. ऋषिकेशचे राफ्टिंग जुलै-ऑगस्टमध्ये बंद ठेवले जाते ते याच कारणाने, आणि गगनबावड्याकडे ढग उतरलेले असताना आपल्या नद्यांवर असले धाडस कोणी करू नये तेही याच कारणाने.

साहित्य

साहित्याबद्दल थोडक्यात. लाइफ जॅकेट अंगाबरोबरचे हवे. पट्टे आवळल्यावर कोणीतरी खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढावे, आणि जॅकेट कानापर्यंत आले तर ते ढिले आहे असे समजावे. हेल्मेट कपाळ झाकणारे असावे. चपला घालू नयेत, पायाला घट्ट बसणारे बूट घालावेत. पाण्यावर तरंगणाऱ्या दोराची १५ ते २० मीटरची थ्रो बॅग, म्हणजे बुडणाऱ्याकडे फेकायची दोराची पिशवी, गटात किमान दोघांकडे असावी. शिट्टी प्रत्येकाकडे असावी. मनगटाला, गळ्याला किंवा कमरेला अडकणारी कोणतीही दोरी, ओढणी किंवा कॅमेऱ्याचा पट्टा नसावा.

काठावरून पाणी वाचणे

सगळ्या विद्येत मला सर्वांत मोठी वाटते ती ही. पुढच्या उतारावरचे पाणी दिसत नसेल, पात्र एका आडव्या रेषेपाशी संपल्यासारखे वाटत असेल आणि पलीकडून फक्त तुषार व आवाज येत असेल, तर तिथून वर, शांत पाण्यातच काठ गाठावा आणि चालत जाऊन पाहावे. पाहणी खालून वर करावी. म्हणजे आधी रॅपिडच्या शेवटापर्यंत जावे, पाणी कोठे शांत होते आणि उलटलेला माणूस वाहत कोठे जाईल हे पाहावे, आणि मग एकेक टप्पा मागे येत ‘इथे पोहोचण्यासाठी त्याआधी कोठे असायला हवे’ असा विचार करत आरंभापर्यंत यावे. वरून खाली पाहत गेलेला माणूस पहिल्या लाटेच्या प्रेमात पडतो आणि तिसऱ्या वळणावरचा खडक विसरतो. पाहताना दोन-तीनदा उकिडवे बसावे, कारण उंच काठावरून जे स्वच्छ दिसते ते कयाकमध्ये बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही. एखादे लाकूड पाण्यात टाकून ते कोठे ओढले जाते हेही बघावे.

आता पाण्याच्या खुणा. दोन खडकांमधून वाहणारे पाणी गुळगुळीत जिभेसारखे पुढे निमुळते होत जाते; या जिभेचे टोक प्रवाहाच्या खालच्या अंगाला असेल तर ती वाट आहे. उलट, टोक वरच्या अंगाला आणि त्यापासून दोन्हीकडे खाली फाकत गेलेल्या रेघा दिसल्या, तर त्या टोकाशी पाण्याखाली दगड आहे. जिभेच्या पुढे एकामागून एक, जागच्या जागी उभ्या राहणाऱ्या नियमित लाटा बहुधा खोल पाण्याची खूण असतात. त्या उंच असल्या तरी नाव सरळ ठेवली तर भिजवतात आणि सोडून देतात. नियमित ओळीत मधेच एखादी लाट वेगळी, फुटकी, सतत मागे कोसळणारी दिसली तर तिच्याखाली खडक आहे असे समजावे.

पाणी खडकावर समोरून आदळते तेव्हा त्याच्या पुढ्यात उशीसारखा फुगीर थर तयार होतो, आणि तो थर नावेला काहीसा बाजूला ढकलतो. ज्या खडकावर पाणी जोराने जाते पण पुढे असा फुगीर थर दिसत नाही, त्याला सर्वांत जास्त भ्यावे. तिथले पाणी खडकाखालच्या कपारीत शिरत असते, आणि पाण्याबरोबर जे काही येईल ते तिथेच जाते. वळणावर प्रवाह नेहमी बाहेरच्या काठाकडे फेकला जातो, कपारी आणि कोसळलेली झाडे तिथेच जास्त असतात. म्हणून वळणाच्या आतल्या बाजूने जाण्याची सवय लावून घ्यावी. पात्रात आडवे पडलेले झाड, बांबूचे बेट, तारेचे कुंपण, दगडांच्या राशी या सगळ्यांतून पाणी चाळणीसारखे निघून जाते आणि माणूस मागे राहतो. लाटेचे रूप भीतिदायक असते, झाडाचे नसते, आणि म्हणून झाडे अधिक घात करतात.

खडकाच्या मागे मात्र नदीने आपल्यासाठी सोय केलेली असते. तिथे पाणी वळून वरच्या दिशेने, संथपणे येते. गाइड याला ‘एडी’ म्हणतात. हा भोवरा नव्हे, तो नदीतला थांबा आहे. अवघड रॅपिड एका दमात पार करायचा नसतो. एका एडीतून दुसऱ्या एडीत, प्रत्येक ठिकाणी श्वास घेत आणि पुढचे पाणी पाहत उतरायचे असते. मुख्य प्रवाह आणि एडी यांच्या सीमेवर दोन उलट वेगांचे पाणी घासते आणि तिथे नावा उलटतात, एवढे ध्यानात ठेवून ती रेषा कोनात आणि वेगाने ओलांडावी.

पाणी वाचण्याचा सराव नावेशिवायही होतो. आजऱ्याला रामतीर्थावर हिरण्यकेशी खडकांतून खाली येते. पावसाळा ओसरल्यावर सुरक्षित जागी, पाण्यापासून दूर बसून तासभर एकाच खडकाकडे पाहत राहिले तर जीभ, फुगीर थर, उलटे पाणी हे सगळे तिथे दिसते. मी कित्येक रविवार असे घालवले आहेत.

उलटे पाणी, आणि आपले बंधारे

पाणी एखाद्या खडकावरून किंवा कड्यावरून खाली कोसळले की तळाशी जाऊन पुढे वर येते आणि पृष्ठभागावरून पुन्हा कोसळण्याच्या जागेकडे मागे फिरते. याला गाइड ‘होल’ म्हणतात. लहान होल नावेला धक्का देते, मोठे होल नावेला, आणि त्याहून वाईट म्हणजे माणसाला, धरून ठेवते. काठावरून पाहताना दोन गोष्टी तपासाव्यात. एक, कोसळण्याच्या जागेपासून किती लांबपर्यंतचे पाणी मागे वाहत येते. हे अंतर जितके जास्त तितकी पकड घट्ट. दुसरी, त्याचा आकार. होलची दोन्ही टोके प्रवाहाबरोबर खालच्या अंगाला वळलेली असतील तर अडकलेली वस्तू बाजूने निसटून बाहेर पडते. टोके वरच्या अंगाला वळलेली आणि मध्यभाग खाली असेल तर बाजूला सरकणारा माणूस पुन्हा मध्यावर आणला जातो, आणि अशा होलपासून लांबच राहावे. दोन्ही टोके काठांना भिडलेली असतील तर सुटण्याची वाटच नसते.

आणि इथे मला कोल्हापूरच्या वाचकाला काकुळतीने सांगायचे आहे की, या शेवटच्या वर्णनात बसणारी गोष्ट आपल्या प्रत्येक नदीवर आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही आपल्या जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी रचना आहे. दगडी खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवायचे आणि पावसाळ्याआधी ते काढून घ्यायचे, या साध्या युक्तीवर इथली ऊसशेती उभी राहिली. तरीही नावेच्या दृष्टीने हा बंधारा दोन्ही ऋतूंत घातक आहे. बरगे घातलेले असताना त्यांवरून सांडणारे पाणी काठापासून काठापर्यंत एकसंध, सरळ रेषेत पडते, आणि त्याच्या पायथ्याशी तितकेच एकसंध उलटे पाणी तयार होते. नैसर्गिक रॅपिडमध्ये कोठे तरी फट असते, इथे नसते. वरून तर तो फूट-दोन फुटांचा निरुपद्रवी उंबरठा दिसतो. बरगे काढलेले असताना खांबांमधली अरुंद दारे उरतात, पुरात वाहून आलेली झाडे तिथे आडवी अडकतात, आणि त्या दारांतून पाणी प्रचंड ओढीने जाते. बंधारा पाण्याखाली गेल्यावरही खाली काय चालले आहे ते वरून ओळखता येत नाही.

म्हणून राजाराम असो, रुई असो की एखाद्या वाडीवरचा नाव नसलेला बंधारा असो, त्यावरून राफ्ट, कयाक, टायरची इनर किंवा गुळाची काहील उतरवू नये. वरच्या अंगाला भरपूर अंतर राखून काठ धरावा, नाव खांद्यावर घ्यावी, आणि बंधाऱ्याच्या पुरेसे खाली, जिथे पाणी स्पष्टपणे पुढे वाहते आहे तिथे पुन्हा पाण्यात उतरावे. बंधाऱ्याखाली अडकलेल्या माणसाला वाचवायला पोहत जाणारा दुसरा माणूसही तिथेच अडकतो. काठावरून दोर टाकणे एवढाच मार्ग सुरक्षित आहे.

मार्ग ठरवणे

पाहणी झाल्यावर प्रत्येकाने आपला मार्ग मोठ्याने सांगावा: कोणत्या जिभेतून आत जायचे, कोणत्या खडकाच्या डावीकडे, कोणत्या एडीत थांबायचे. नदीचा डावा-उजवा काठ नेहमी प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरवतात, आणि या बाबतीत गोंधळ राहू देऊ नये. पाण्यावरून ओळखता येतील अशा तीनच खुणा लक्षात ठेवाव्यात, कारण चौथी पाण्यात गेल्यावर आठवत नाही. मग स्वतःला दोन प्रश्न विचारावेत: मी मधेच उलटलो तर वाहत कोठे जाईन, आणि तिथे मला काढायला कोण उभे आहे? पहिल्याचे उत्तर झाड, कपार किंवा पुढचा आणखी मोठा रॅपिड असे असेल, किंवा दुसऱ्याचे उत्तर ‘कोणी नाही’ असे असेल, तर नाव उचलून काठाने चालत जावे. चालत जाणाऱ्याला कोणी हिणवत असेल तर त्या गटाबरोबर पुन्हा जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जायचे ठरल्यास रॅपिडच्या खाली, योग्य जागी, दोर घेऊन माणसे आधी उभी करावीत आणि खुणा ठरवून घ्याव्यात. वल्हे उभे धरले म्हणजे या. डोक्यावर आडवे धरले म्हणजे थांबा. डोक्यावर हात थोपटला म्हणजे मी ठीक आहे. तीन शिट्ट्या म्हणजे संकट. हात नेहमी ज्या बाजूने जायचे त्या बाजूला दाखवावा, धोक्याकडे कधीही दाखवू नये, कारण नावेतला माणूस हात दिसेल तिकडे वळतो.

राफ्टमध्ये

राफ्ट जड असते, उशिरा वळते, आणि एकदा वाहू लागली की तिला थांबवणे कठीण असते. त्यामुळे तिचे काम बरेच आधी सुरू करावे लागते. खडक समोर आल्यावर वल्हवण्यापेक्षा तो दूर असतानाच चार वल्ही मारून बाजूला सरकावे. बसताना काठाच्या फुगीर नळीवर बसावे, पाय आडव्या नळीखाली रोवावे, पण मुरगळतील इतके आत घालू नयेत. एक हात वल्ह्याच्या वरच्या मुठीवरून कधीही सोडू नये. सुटलेली मूठ शेजाऱ्याचे दात पाडते. सर्वांनी पुढच्या दोघांच्या लयीत वल्हवावे. ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’, ‘स्टॉप’, ‘गेट डाउन’ या आज्ञा शांत पाण्यात इतक्या वेळा घोकाव्यात की अर्थ लावावा लागू नये.

आडवे सरकण्याची युक्ती आपल्या जुन्या नावाड्यांनाही ठाऊक होती. पलीकडे जाताना ते नाकासमोर जात नाहीत. आधी काठाकाठाने वर जातात, मग नावेचे तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरके धरून वल्हवतात, आणि नदीच त्यांना पलीकडे ढकलते. राफ्ट आणि कयाकलाही हाच नियम लागतो. साधारण ३० ते ४५ अंशांचा कोन ठेवला तर आडवे सरकता येते. कोन वाढला की नाव आडवी होऊन वाहू लागते. गूळ करायच्या काहिलीतून नदी ओलांडताना ज्यांनी गरगर फिरणे अनुभवले आहे, त्यांना नावेला तोंड असण्याचे मोल समजावून सांगायला नको.

मोठी लाट किंवा न टळणारे होल आले तर राफ्टचे तोंड त्याला काटकोनात ठेवावे आणि वेग वाढवावा. इथेच नवखे लोक घाबरून वल्हे आत घेतात. पाण्यात रोवलेले वल्हे राफ्टला वेगही देते आणि बसणाऱ्याला आधारही देते. म्हणून गाइडने सांगितल्याशिवाय थांबू नये. राफ्ट खडकाला आडवी लागली तर वरच्या अंगाची नळी पाण्याखाली ओढली जाते आणि राफ्ट खडकाला गुंडाळली जाते. ‘हाय साइड’ अशी हाक येताच सर्वांनी एका क्षणात खडकाच्या बाजूला झेपावावे. मनुष्यस्वभाव खडकापासून दूर जायला सांगतो, आणि नेमके तेच करायचे नसते. हा सराव काठावर, कोरड्या राफ्टमध्ये करून घ्यावा.

कयाकमध्ये

कयाकमध्ये माणूस एकटा असतो आणि नाव कंबरेने चालते. एडीतून प्रवाहात शिरताना तोंड वरच्या अंगाला तिरके ठेवून, वेग घेऊन सीमारेषा ओलांडावी, आणि ओलांडताच नाव खालच्या अंगाला कलवावी, म्हणजे वरच्या अंगाची कड उचललेली राहील. ही कड पाण्याला सापडली की नाव क्षणात उलटते. नवशिक्यांचे बहुतेक उलटणे असेच असते. एडीत शिरतानाही वळणाच्या आतल्या बाजूला कलावे, सायकल वळवताना कलतो तसे. शरीर किंचित पुढे झुकलेले असावे. मागे रेलणारा माणूस नावेचे तोंडही सोडतो आणि स्वतःचे तोंडही दगडांपुढे करतो. खडकाला आडवे लागल्यास खडकाकडे झुकावे, त्याला मिठी मारावी. आधारासाठी वल्हे टेकताना कोपरे शरीराजवळ ठेवावीत; हात डोक्यावर ताणून टेकलेल्या वल्ह्याने खांदे निखळतात.

तिसऱ्या श्रेणीत उतरण्यापूर्वी रोल, म्हणजे उलटल्यावर नावेतच राहून सरळ होणे, दोन्ही बाजूंनी पक्का असावा. तो जलतरण तलावात, परवानगी घेऊन शिकावा. केंदाळाने भरलेले पाणी त्यासाठी योग्य नाही. उलटल्यावर आधी पुढे वाकून छाती नावेला चिकटवावी, वल्हे बाजूला आणावे, कंबरेच्या झटक्याने नाव सरळ करावी आणि डोके सर्वांत शेवटी वर आणावे. घाईने डोके आधी उचलले की नाव परत उलटते. दोन-तीन प्रयत्न फसले तर स्प्रे स्कर्टची, म्हणजे कमरेभोवती बसून नावेचे तोंड झाकणाऱ्या आवरणाची, पुढची पट्टी ओढून बाहेर पडावे. हे बाहेर पडणे रोलच्याही आधी शिकायचे असते.

पाण्यात पडल्यावर

पडणे हा या खेळाचा नेहमीचा भाग आहे, म्हणून पडल्यावर काय करायचे ते आधीच अंगवळणी पडलेले असावे. पाठीवर झोपावे, पाय प्रवाहाच्या खालच्या अंगाला, बोटे पाण्याबाहेर दिसतील इतके वर ठेवावेत, म्हणजे खडक पायांनी ढकलता येतात. श्वास लाटांच्या मधल्या खळग्यात घ्यावा; शिखरावर तोंडात पाणी जाते. वाट मोकळी होताच पालथे वळून काठाकडे तिरके, सर्व ताकदीने पोहावे. घाटावर शिकलेले पोहणे इथे कामाला येते. राफ्टखाली सापडल्यास हात वर टेकवून एकाच दिशेने सरकत बाहेर यावे. नाव आणि खडक यांच्या मधे कधीही राहू नये. नेहमी नावेच्या वरच्या अंगाला जावे. वाहताना आडवे झाड समोर आले आणि टाळता आले नाही, तर पाय पुढे ठेवून त्यावर जाऊ नये. पालथे होऊन, डोके पुढे करून जोराने पोहत त्याच्यावर झेप घ्यावी आणि छाती वर चढवावी.

वाहत्या पाण्यात उभे राहू नये. रॅपिड संपल्यावर, मांडीभर पाण्यात, आता झाले असे समजून मी एकदा उभा राहिलो. डावा पाय दोन दगडांत रुतला, मागच्या रेट्याने मी पुढे वाकलो आणि माझे तोंड पाण्याखाली गेले. मागून येणाऱ्या मित्राने एडी धरून, माझे दोन्ही खांदे धरून मला वरच्या अंगाला ओढले, तेव्हा पाय सुटला. पोहता येणे त्या वेळी काहीच उपयोगाचे नव्हते. काठाला लागून हात जमिनीला टेकेपर्यंत, पाणी घोट्याएवढे उथळ होईपर्यंत, पोहत किंवा रांगतच राहावे.

दोर फेकणाऱ्याने आधी हाक मारावी, नजर मिळाल्यावर फेकावे, आणि पिशवी माणसाच्या अंगावरून थोडी पलीकडे जाईल असे पाहावे. पकडणाऱ्याने पिशवी न धरता दोर धरावा, काठापासून दूरच्या खांद्यावरून तो छातीशी घ्यावा आणि पाठीवर राहावे. मग प्रवाहच त्याला काठाशी आणतो. दोर हाताला गुंडाळू नये, अंगाला बांधू तर कधीच नये.

रॅपिड पार झाल्यावर पहिल्या मोठ्या एडीत सर्वांनी थांबावे, माणसे मोजावीत, वल्ही मोजावीत, नावेतले पाणी काढावे, आणि कोणी थंडीने कापत असेल तर त्याला कोरडे करून गरम काही द्यावे. गंगेचे हिमनदीतून आलेले पाणी हे काम कुंडलिकेपेक्षा फार लवकर करायला लावते. मग मागे वळून तोच रॅपिड खालून वर पाहावा. वरून लपलेले खडक खालून उघडे दिसतात, आपण मानलेली जीभ प्रत्यक्षात कोठे होती ते समजते. मी एक छोटी वही जवळ ठेवतो. तिच्यात त्या दिवसाची तारीख, विसर्ग, काठावरच्या कोणत्या खडकापर्यंत पाणी होते ती खूण, ठरवलेला मार्ग आणि खरोखर गेलेला मार्ग, असे पाचही लिहून मगच कपडे बदलतो.